शेवटची गल्ली आधी

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर नगरपंचायत मला नोटीस काढील, आणि ती नोटीस टाइप करून घ्यायला त्यांचा माणूस माझ्याच दुकानात येईल. अंबडहून एस.टी.नं पाऊण तास, एवढं पुरे. नगरपंचायतीच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. गेल्या चौदा वर्षांत त्या कार्यालयातून जे कागद बाहेर पडले, त्यातले निम्मे माझ्या हातून गेले आहेत. तेव्हा मी सांगतो ते ऐकीव नाही. त्यातलं काही तर मीच टाइप केलं आहे, आणि त्याची लाज वाटते म्हणूनच सांगायला बसलो आहे.

ख्वाजामियाँ आमच्या गावचा वॉलमन. म्हणजे नळाला पाणी सोडणारा माणूस. आमच्याकडं नळ नवव्या दिवशी येतात. त्या दिवशी सकाळी एकेका गल्लीचा वॉल उघडायचा, तासाभरानं बंद करायचा, की पुढची गल्ली. टाकी उतरत जाते तसा पाण्याचा जोर कमी होतो, त्यामुळे कुणाची गल्ली आधी आणि कुणाची नंतर, यावर आमच्या गावात निवडणुका झाल्या आहेत आणि डोकीही फुटली आहेत. बावीस वर्षं हे काम ख्वाजामियाँकडं होतं, ठेकेदारामार्फत रोजंदारीवर. साठीला आलेला, काडीसारखा माणूस, अंगात बाह्यांचा बनियन, आणि खांद्यावर साडेतीन फुटांची लोखंडी चावी. आमचे वॉल इतके जुने, की त्यांची डोकी झिजून गेली आहेत. नगरपंचायतीनं आणलेल्या नव्या चाव्या त्यावर नुसत्या गोल फिरतात. म्हणून मियाँनं माप घेऊन अंबडच्या पुंजाराम लोहाराकडून आपली चावी घडवून आणली होती. गावातले सगळे वॉल फिरतील अशी ती एकच चावी. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त कार्यालयाला.

गावाच्या वरच्या अंगाला सळयांची मिल आहे. तिच्या मागं, चढावर, शेवटची गल्ली. तिथं मिलीत राबणारे बिहारचे लोक राहतात, ओडिशाचे राहतात, बांधकामावर आलेले तेलंगी राहतात. गावात त्या गल्लीला काय काय नावं आहेत ती मी लिहीत नाही, पण एकही चांगलं नाही. मियाँ मात्र तिला शेवटची गल्ली म्हणायचा आणि पाणी सोडायला सुरुवात तिथूनच करायचा. टाकी तुडुंब भरलेली असते तेव्हाच त्या चढावर पाणी चढतं, हे त्यानं पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. तो स्वतः मंठ्याकडून इथं आला तेव्हा त्याच गल्लीत राहिला होता. त्याची बायको सरदारबी अजून सांगते, की त्या उन्हाळ्यात त्यांच्या नळातून पाण्याऐवजी नुसती हवा फुसफुसायची, आणि बाळंतीण असताना ती घागर घेऊन मिलीच्या फाटकावर उभी राहायची.

नळ यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मियाँ गल्लोगल्ली फिरून सांगायचा. दवंडी नाही, भोंगा नाही. प्रत्येक दारात थांबून, त्या दाराच्या भाषेत. मराठी दारात, "उद्या नळ येतेत, मावशी." बिहारच्या दारात, "काल्ह पानी आई." ओडिशाच्या दारात, "कालि पाणि आसिब." तेलंग्यांच्या दारात, "रेपु नीळ्ळु वस्ताई." त्याची शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दू. या भाषा त्याला कुणी शिकवल्या नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "पानी अन् भाकर, दोनच लब्ज येऊ द्या कल्याणभाऊ, बाकीचं मानूस हातानं सांगतंय."

मिलीतल्या बाया पाळ्यांवर जातात. पाणी कधी येणार हे ठाऊक नसेल तर एकीला घरी बसावं लागतं आणि तिचा दिवस बुडतो. मियाँनं सांगितलं की त्या हिशोबानं पाळी बदलून घेत. मियाँचा शब्द म्हणजे घड्याळ. ओडिशाकडची मारिया त्या गल्लीत सगळ्यांच्या वतीनं बोलणारी बाई, ती मला म्हणाली होती, "चाचा बोला तो बोला. बाकी सब लोग कागज चिपकाता है."

मोठा रस्ता, म्हणजे उपनगराध्यक्ष काकासाहेबांची गल्ली, तिला मियाँ सगळ्यात शेवटी पाणी सोडायचा. तिथं घरोघरी मोटारी आहेत, त्या नळाला लावल्या की तळाचंही पाणी ओढून घेतात. तरी काकासाहेबांचा पारा चढलेलाच असायचा. "गावच्या लोकाला नंतर अन् उपऱ्याला आधी, हा कुठला कायदा हाय रं मियाँ?" असं ते भर चौकात विचारायचे. मियाँ हसून चावी दुसऱ्या खांद्यावर घ्यायचा. पण दुसरा माणूस त्यांना मिळत नव्हता, कारण नवव्या दिवशी पहाटेपासून उन्हातान्हात चढउतार करायला कुणी तयार नव्हतं. म्हणून चाललं होतं.

मागच्या फेब्रुवारीत कार्यालयात पत्र आलं. जपानमधल्या एका शहराची पालिका आणि आमची नगरपंचायत यांच्यात म्हणे देवाणघेवाण ठरली होती. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं ती जुळवून आणली होती. त्यांच्या शहरात कारखाने आहेत आणि कारखान्यांत नेपाळ, व्हिएतनाम, ब्राझील, कुठकुठले लोक कामाला आले आहेत. त्यांची भाषा वेगळी, खाणं वेगळं, सण वेगळे. अशा लोकांना गावात सामावून कसं घ्यायचं, हे ते लोक देशोदेशीच्या लहान गावांत जाऊन बघत होते. त्यांची मोठी अडचण काय, तर कचरा. कोणत्या दिवशी कोणता कचरा बाहेर ठेवायचा याची पत्रकं त्यांनी नऊ भाषांत छापली, आणि कुणी वाचली नाहीत. तेव्हा तुम्ही परप्रांतातून आलेल्यांपर्यंत सूचना कशी पोचवता, हे आम्हाला शिकायचं आहे, असं त्यांनी साध्या सरळ शब्दांत लिहिलं होतं. मला ते पत्र आवडलं. आपल्याला येत नाही म्हणून विचारायला निघालेली पालिका मी पहिल्यांदा बघत होतो.

मुख्याधिकारी साहेब पत्र घेऊन माझ्या दुकानात आले. नवीन होते, इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. म्हणाले, "कल्याणराव, आपल्याकडं असं काही आहे का हो?" मी म्हणालो, "आहे ना साहेब, ख्वाजामियाँ आहे." त्यांना नाव ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "लिहून काढा," म्हणाले.

मी मियाँला दुकानात बसवलं, चहा पाजला आणि दोन दिवस विचारून विचारून सगळं लिहून घेतलं. कोणत्या दारात काय म्हणायचं, कोणत्या गल्लीत कुणाला आधी सांगायचं, रमजानात वेळ कशी बदलायची, छठच्या वेळी बिहारच्या बायांसाठी टाकीजवळचा जुना हौद कसा भरून ठेवायचा, सगळं. मियाँ खूश होता. म्हणाला, "कुनी पुसलंच न्हवतं आजवर." बारा पानं झाली. साहेबांनी वाचली, मान डोलावली आणि म्हणाले, "छान आहे. फक्त वैयक्तिक उल्लेख नको. ही कार्यालयाची प्रणाली आहे." मग त्यांनी नाव दिलं, 'एकता जलसूचना प्रणाली'. बारा पानांत एकोणीस ठिकाणी ख्वाजामियाँचं नाव होतं. ते मी एकोणीस ठिकाणी खोडलं. कुणी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. समोर फाटक, फाटकातून येणारं काम, आणि मी भित्रा. आयजीच्या जिवावर बायजी उदार होत होती आणि वाढपी मी होतो.

पाहुणे एप्रिलमध्ये आले. कार्यक्रमाचा दिवस साहेबांनी ठरवला, पण तोच नवव्या दिवशीचा नळाचा दिवस आहे हे कुणी बघितलं नाही. बघणार कोण? साहेबांच्या बंगल्यावर टँकर येतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी उशिरा काकासाहेबांनी सभागृहातली सजावट बघितली. गावातल्या इंग्रजी शाळेची मुलं कुणी बिहारी, कुणी उडिया, कुणी तेलंगी म्हणून नटवली होती. सगळी आमच्याच पाटला-देशमुखांची, व्यापाऱ्यांची मुलं. खऱ्या बिहारच्या आणि ओडिशाच्या मुलांना, गर्दी नको म्हणून, फाटकाबाहेर थांबवायचं ठरलं होतं. काकासाहेबांना टेबलावर काहीतरी वस्तू हवी होती. ते म्हणाले, "ती मियाँची चावी ठिवा की. हार घाला. पाहुण्याला दाखवाया बरं दिसंल." आणि शिपाई जाऊन ती चावी घेऊन आला. मियाँनं विचारलं, "उद्या नळाचा दिस हाय, मंग कसं?" शिपाई म्हणाला, "साहेब म्हन्ले, एक दिवस उशिरानं काय आभाळ कोसळतंय?" तोवर मियाँ शेवटच्या गल्लीत सांगून आला होता. कालि पाणि आसिब. काल्ह पानी आई. बायांनी पाळ्या बदलून घेतल्या होत्या, दोघी-तिघींनी खाडा केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सभागृह भरलं. फोटो काढायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून मी पुढं उभा होतो. तीन पाहुणे. त्यातल्या मोरिता नावाच्या बाई पन्नाशीच्या, पायात साधे बूट, हातात वही. शेजारी दुभाषी म्हणून पुण्याची अर्पिता. मधोमध टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर मियाँची चावी. तिला हळद-कुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेला, आणि खाली पाटी: 'एकतेची चावी'. साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. माझीच बारा पानं होती ती. "आमच्या कार्यालयानं विकसित केलेली पद्धत," ते म्हणत होते. दाराशी शिपाई, दाराबाहेर ऊन, आणि चढावर कोरडे नळ. संताप म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, पण माझ्या हातात कॅमेरा होता आणि मी फोटो काढत होतो.

तेवढ्यात मियाँ आला. शिपायानं अडवलं तर त्याच्या हाताखालून आत शिरला. चपला दाराशी काढल्या. कुणाकडं बघितलं नाही. टेबलाशी गेला, चावीचा हार काढला, नीट गोल करून चादरीवर ठेवला, आणि चावी खांद्यावर घेतली. हळद-कुंकू पुसलं नाही.

"ए मियाँ, कुठं चालला?" काकासाहेब ओरडले.

"शेवटच्या गल्लीत," मियाँ म्हणाला. "सकाळपासून बाया हंडे मांडून बसल्यात. मी काल सांगून आल्तो."

"पाहुणे बसलेत, दिसंना का तुला?"

"तिथंबी पाहुणेच हायेत ना साहेब. पाहुण्याला पान्याबिगर कसं ठिवायचं?"

मोरिताबाईंनी अर्पिताला विचारलं, हे कोण? अर्पितानं साहेबांकडं बघितलं. साहेब हसून म्हणाले, "मेन्टेनन्सचा माणूस आहे. जेवण तयार आहे, आपण जेवायला जाऊ." अर्पिता चांगल्या घरची, शहाणी मुलगी. तिनं तेवढंच सांगून भागवायला हवं होतं. पण ती उठली आणि तिनं थेट मियाँला विचारलं, "काका, तुम्ही कोण?" मियाँ म्हणाला, "मी पानी सोडतो, बेटा." तिनं तेही सांगितलं. मोरिताबाई उठल्या, वही घेतली आणि मियाँच्या मागं चालू लागल्या. मीही निघालो. साहेब जेवणाच्या ताटांकडं बघत उभे राहिले.

चढावर बाया रांगेनं बसल्या होत्या. मियाँनं वॉलवरचं झाकण काढलं, आत चावी बसवली आणि अंगाचा भार टाकून फिरवली. आधी हवा फुसफुसली, मग पाणी आलं. मारियानं पहिला हंडा लावला. मोरिताबाईंनी अर्पिताकरवी मियाँला एकच प्रश्न विचारला. शेवटून सुरुवात का?

मियाँला प्रश्नाचं नवल वाटलं. "मोठ्या रस्त्याला मोटारी हायेत, ह्यांना नुसता नळ," तो म्हणाला. "अन् जुना मानूस पानी न्हाई आलं तर कार्यालयात जाऊन भांडतोय. नवा मानूस भांडत न्हाई. गप बसतोय. म्हनून त्याचं आधी." अर्पितानं ते सांगितलं तेव्हा बाई बराच वेळ लिहीत होत्या.

पाहुणे गेले. पंधरवड्यात ठेकेदाराकडून मियाँला निरोप आला, उद्यापासून येऊ नको. कारण दिलं, कार्यक्रमात शिस्तभंग. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चावी नगरपंचायतीची मालमत्ता म्हणून जप्त झाली. पुंजाराम लोहारानं घडवलेली, मियाँनं स्वतः करवून आणलेली चावी. आता काकासाहेबांच्या भावकीतला एक तरुण पाणी सोडतो. सुरुवात मोठ्या रस्त्यापासून. शेवटच्या गल्लीची पाळी येईपर्यंत टाकी तळाला जाते.

जूनमध्ये जपानहून पत्र आलं. मोरिताबाईंच्या पालिकेनं लिहिलं होतं, की पाणी सोडणारे श्री. ख्वाजामियाँ यांना महिनाभर आमच्याकडं पाठवा. त्यांनी आमच्या कर्मचाऱ्यांना दारोदारी जाऊन सांगायची पद्धत शिकवावी. सगळा खर्च आमचा. पत्राला मराठी भाषांतर जोडलेलं होतं. बहुतेक अर्पितानं केलं असावं, कारण त्यात मियाँचं नाव अगदी बरोबर लिहिलेलं होतं, चंद्रबिंदूसकट.

त्याचं उत्तर माझ्या दुकानात टाइप झालं. साहेब उभे राहून सांगत होते आणि मी बोटं चालवत होतो. "उपरोक्त नावाची व्यक्ती या कार्यालयाच्या आस्थापनेवर कार्यरत नाही. सबब सदर विषयातील जाणकार असे चार सदस्यांचे शिष्टमंडळ पाठविण्यात येत आहे." एक शब्द खोटा नव्हता. बावीस वर्षं राबलेला माणूस आस्थापनेवर कधीच नव्हता, आणि पाहुणे येऊन गेल्यापासून तर रोजंदारीवरही राहिला नव्हता. खोटं न बोलता माणूस पुसून टाकायची कला आमच्या कार्यालयाइतकी कुणाला जमत नसेल. मी छपाईचं बटण दाबलं.

सप्टेंबरमध्ये चौघं गेले. साहेब, काकासाहेब, काकासाहेबांचे जावई आणि ठेकेदार. परत आल्यावर स्टेशनरोडला सत्काराचा फलक लागला, 'स्थलांतरितांच्या सेवेत सातासमुद्रापार'. तो छापायचं काम मी नाकारलं. शेजारच्यानं छापला. फार मोठं काही केलं असं नाही, पण मला त्या रात्री जेवण गेलं. नगरपंचायतीनं आता मोबाइलवर एक ॲप काढलं आहे. नळ कधी येणार ते त्यात इंग्रजीत दिसतं.

मी सगळं मियाँला सांगितलं. पत्राचंही आणि उत्तराचंही. घरी गेलो, ओट्यावर बसलो आणि सांगून टाकलं. सरदारबी आतून ऐकत होती. तिनं भांडं आपटलं आणि म्हणाली, "भैया, तुमच्या हातानं लिहिलं ना ते? मंग आता कशाला सांगून राह्यले?" मियाँ मात्र म्हणाला, "त्या बाईंचं कचऱ्याचं जमलं का?" मी म्हणालो, ठाऊक नाही. "पुसायचं होतं," तो म्हणाला.

परवा मी मिलीच्या बिलाची छपाई द्यायला चढावर गेलो होतो. आठवा दिवस होता, संध्याकाळ. शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी मियाँ दिसला. खांदा मोकळा. मला वाटलं, कुणाला भेटायला आला असेल. पण तो दारोदारी थांबत होता. बिहारच्या दारात म्हणाला, "काल्ह पानी ना आई." तेलंग्यांच्या दारात म्हणाला, "रेपु नीळ्ळु रावु." प्रत्येक दारात, त्या दाराच्या भाषेत, उद्या पाणी येणार नाही.

मी विचारलं, "मियाँ, हे काय करून राह्यले? तुम्हाला काढून टाकलं ना?"

"कार्यालयानं काढलं," तो म्हणाला. "ॲपमधी येतंय म्हनून दिसतंय, अन् येत न्हाई. बाया हंडे मांडून बसतेत, दिवस बुडतोय त्यांचा. निदान एवढं तरी कुनी सांगाया पाहिजे का न्हाई?"

मग तो मारियाच्या दाराशी गेला. "कालि पाणि आसिब नाहिँ," म्हणाला. मारियानं मान हलवली, ओट्यावर मांडलेले तीन रिकामे हंडे उचलून आत नेले, आणि उद्याच्या पाळीचा डबा घासायला घेतला.